समुद्रापारच्या सेनेचा शब्द

महाराष्ट्राच्या सीमेलगत, आदिलाबाद जिल्ह्यात बाजारहत्नूर हे गाव आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषा ज्या मुलखात शेजारी नांदतात, त्या मुलखातले हे गाव. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली. किनवट तालुका मराठी मुलखाकडे आला आणि बाजारहत्नूर सीमेपलीकडे राहिले. परंतु सीमा नकाशावर सरकली म्हणून घरातली बोली सरकत नाही. या भागातल्या मराठी घरांत एक शब्दप्रयोग दीर्घकाळ भयसूचक होता : ‘तार आली.’ पत्र आले तर कोणी वाचून दाखवी, मनिऑर्डर आली तर अंगठा उठवून घेई. पण तार आली म्हटले की घरातल्या बायामाणसांच्या काळजात धस्स होई. घरातला मुलगा पलटणीत असला, आणि पलटण समुद्रापार गेलेली असली, तर मग विचारायलाच नको.

त्या तारेचे एक टोक उंबरठ्यावर असे. दुसरे टोक असे फार दूर, रणांगणावर. त्या दुसऱ्या टोकाशी जी माणसे बसलेली असतात, त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. तोफ कोणाची, किल्ला कोणी घेतला, पदक कोणाला मिळाले, हे इतिहास सांगतो. हुकूम वेळेवर पोचला की नाही, हे मात्र तो पुष्कळदा तळटीपेत टाकतो. वस्तुतः परदेशी गेलेल्या हिंदी सेनेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव पाहिला तर एक गोष्ट ठसठशीतपणे दिसते : सेनेचा हात जेथवर तिचा शब्द पोचतो तेथवरच पोचतो. शब्द तुटला की हातही लुळा पडतो. आणि सिग्नल दलाची प्रत्येक मोठी पुनर्रचना ही अशाच एखाद्या तुटलेल्या शब्दातून जन्मास आलेली आहे.

आरंभ मुंबई बंदरापासूनच करावा लागतो. १८६७-६८ साली मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १३,००० सैनिकांची फौज ॲबिसीनियात उतरली. तेथील राजा थिओडोर याने डांबून ठेवलेल्या युरोपियनांची सुटका करणे हा मोहिमेचा हेतू. तांबड्या समुद्राच्या काठावरील झुला येथून मगदल्याचा डोंगरी किल्ला काही शेकडो मैल आत. फौजेबरोबर हत्ती होते, खेचरे होती, आणि तारायंत्राचे सामानही होते. किनाऱ्यापासून आत काही मजलांपर्यंत तारेची लाईन टाकण्यात आली. तिच्या पुढचा निरोप घोडेस्वार नेत. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदला पडले. मोहीम यशस्वी झाली; पण निरोप पोचविण्याचे काम नक्की कोणाचे, या प्रश्नाला तेव्हा सरळ उत्तर नव्हते. तारा टाकायच्या सफरमैना पथकांनी, निशाणे हलवायची प्रत्येक पलटणीच्या आपापल्या सिग्नलवाल्यांनी, आणि उरलेले घोड्यावरच्या जासुदाने, असा तो कारभार होता. बारा घरची बारा माणसे एकत्र आली की कामाचे जे होते, तेच येथेही होई.

पुढच्याच वर्षांत कराचीत एक नवे साधन निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तेथे पर्शियन आखाताच्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मॅन्स या इंग्रजाने हेलिओग्राफ तयार केला. तिवईवर बसविलेला आरसा. त्यावर पडलेला सूर्यकिरण समोरच्या टेकडीवर फेकायचा आणि आरसा किंचित हलवून लांब व आखूड लकाकी पाडायची, एवढेच त्याचे तंत्र. तार नको, खांब नको, गाडी नको. अफगाण युद्धात त्याने उत्तम काम दिले. सरहद्दीवरच्या उघड्या डोंगरांत आणि लख्ख उन्हात कित्येक मैलांवरचा निरोप या आरशाने वाचता येई. हिंदी लष्कराला त्याची इतकी सवय झाली की जगात सर्वत्र ऊन असते असे जणू गृहीतच धरले गेले. त्या समजुतीची किंमत पुढे मोजावी लागली.

१५ फेब्रुवारी १९११ हा हिंदी सिग्नल दलाचा जन्मदिवस मानला जातो. त्या दिवशी संयुक्त प्रांतातील फतेगड येथे ले. कर्नल एस. एच. पॉवेल या इंजिनियर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ३१ व ३२ क्रमांकाच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ ३३ व ३४ क्रमांकाच्या कंपन्या आल्या. तत्पूर्वी विखुरलेले काम प्रथमच एका छत्राखाली आले. या कंपनीची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. डिव्हिजनचा सेनापती वर, त्याच्याखाली तीन ब्रिगेडी, ब्रिगेडीखाली पलटणी. सिग्नल कंपनीचा एक भाग सेनापतीच्या ठाण्याशी बसे. उरलेले भाग एकेका ब्रिगेडबरोबर जात. वरून खाली आणि खालून वर असा शब्द वाहता ठेवणे हे त्यांचे काम. ब्रिगेडच्या पुढे, पलटणीच्या आत मात्र पलटणीचेच सिग्नलवाले असत. मनगट आणि बोटे यांच्यामध्ये जसा सांधा, तसा हा सांधा. पुढच्या सगळ्या इतिहासात दुखले ते बहुधा सांध्यातच.

कंपनीत ब्रिटिश आणि हिंदी असे दोन्ही सैनिक होते. अधिकारी अर्थातच ब्रिटिश होते. ज्याच्या हाती संदेशाची किल्ली, त्याच्या हाती सेनेचे गुपित. आणि राज्यकर्त्यांना ही किल्ली आपल्याच कमरेला हवी होती. ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिचा निकाल लागायला त्रेचाळीस वर्षे जावी लागली.

तीन वर्षांतच पहिले महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९१४ मध्ये लाहोर व मीरत या दोन डिव्हिजनींची जहाजे फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरास लागू लागली. ऑक्टोबरात त्या फौजा चिखलाच्या खंदकांत उभ्या होत्या. फ्लँडर्सच्या धुक्यात सूर्यच दिसेना, तेथे हेलिओग्राफ कसला दिसणार? निशाण हलविणारा माणूस खंदकाबाहेर डोके काढी तो गोळीसाठीच. राहता राहिला टेलिफोन. पण त्याची तार जमिनीवर पसरलेली, आणि शत्रूच्या तोफा दर तासाला जमीन नांगरीत. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईत मीरत डिव्हिजनने पहिल्या झपाट्यात पुढची फळी घेतली; पण ही बातमी मागे जाण्यास आणि ‘पुढे चला’ हा हुकूम येण्यास तासांमागून तास लागले. मिळालेली संधी त्या तासांत निसटली, शत्रूने नवी फळी उभी केली आणि पुढचे हल्ले तिच्यावर आपटून फुटले.

या अनुभवातून जे शिक्षण मिळाले ते लाईन टाकणाऱ्याच्या भाषेत सोपे आहे. एक तार टाकू नये, दोन टाकाव्यात, आणि त्या जागोजाग एकमेकींस जोडाव्यात, म्हणजे एक तुटली तरी निरोप दुसरीने वळसा घालून जातो. शक्य तेथे तार जमिनीत पुरावी. आणि सर्व थकले तरी एक माणूस राखून ठेवावा : निरोप घेऊन धावणारा. लष्करात त्याला ‘रनर’ म्हणतात. आपल्या जुन्या हरकाऱ्याचाच तो भाऊ.

फ्रान्सच्या चिखलात जे अर्धवट शिकता आले ते इराकच्या वाळवंटात पुरते शिकावे लागले. आणि येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. इराकमध्ये प्रथम उतरलेली ६ वी डिव्हिजन पुण्याची. तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्या तीन ब्रिगेडींत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. कोकण, देश आणि मावळातले जवान त्यांत होते. त्यांच्या डिव्हिजनचा शब्द वाहणारी कंपनी म्हणजे ३४ वी सिग्नल कंपनी. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आले. मग टायग्रिस नदीच्या काठाकाठाने फौज वर सरकत गेली आणि तिच्यामागे तार लांबत गेली. येथे ऊन मुबलक होते. पण उन्हातच दुसरी खोड निघाली. भर दुपारी मृगजळ उठे. समोरचा आरसा पाण्यात बुडाल्यासारखा थरथरे आणि अक्षर वाचता येत नसे. पुराच्या दिवसांत नदी पात्र सोडून पसरे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे फौजेला माघार घ्यावी लागली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून जनरल टाउनशेंडची सेना कूत-अल-अमारा येथे वेढली गेली. वेढ्यात तार अर्थातच नव्हती. होते ते बिनतारी यंत्र. त्या यंत्राने कूत आणि सुटकेसाठी येणारी सेना यांच्यात बोलणे चालू राहिले. १४७ दिवस शब्द तुटला नाही. धान्य किती उरले, घोडे किती कापले, नदीचे पाणी किती चढले, हे सारे रोज आकाशमार्गे जात होते. पलीकडून येत होते ते धीराचे शब्द. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मृत वा जखमी झाली. वेढा उठला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यापूर्वी तोफा मोडून टाकण्यात आल्या, आणि बिनतारी यंत्रेही. पुढच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत, त्यांतले असंख्य जवान मेले.

कूतची हकिगत सिग्नल दलाच्या इतिहासात दोन धडे सांगते. पहिला असा की बिनतारी यंत्र हे चैनीचे सामान नव्हे. जेथे तार जाऊ शकत नाही तेथे तेच श्वास होय. दुसरा धडा कडू आहे. शब्द पोचणे आणि मदत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शब्द वाहणारा आपले काम चोख करील. पण पलीकडच्या टोकाला ऐकणाऱ्याच्या हाती बळ नसेल तर तो शब्द केवळ साक्षीदार उरतो.

महायुद्धानंतर पहिली मोठी पुनर्रचना झाली. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये सिग्नलचे स्वतंत्र दल स्थापन झाले, आणि हिंदुस्थानातही सिग्नलची शाखा इंजिनियरांच्या पदरातून सुटून स्वतंत्र दल म्हणून उभी राहिली. जबलपूर हे तिच्या शिक्षणाचे केंद्र झाले. खेड्यातून आलेल्या मुलाला कट्ट-कड कट्ट या ध्वनीत अक्षरे ओळखायला शिकविणे, रोमन लिपी शिकविणे, अंधारात तारेचे सांधे करायला लावणे, हे तेथले रोजचे पाठ. शेतकऱ्याचा मुलगा उत्तम सिग्नलवाला होऊ शकतो हे जबलपूरने दाखवून दिले. पण वरच्या पायऱ्यांवर हिंदी माणूस क्वचितच दिसे. किल्ली अजून त्याच कमरेला होती.

दुसऱ्या महायुद्धात या व्यवस्थेची कसोटी एकाच वेळी अर्ध्या जगात लागली. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनच्या उभ्या कड्यांवर ४ थी व ५ वी हिंदी डिव्हिजन लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. तेथे तार पाठीवर घेऊन चढावे लागे. पण शब्द तुटल्याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच वर्षाच्या अखेरीस मलायात घडले, आणि त्या उदाहरणाचा धागा बाजारहत्नूरच्या मुलखाशी जुळतो. हा सगळा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या फौजेतील १ ली हैदराबाद इन्फन्ट्री ब्रिटिश-हिंदी सेनेच्या मदतीस मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर, कोटा बारूच्या विमानतळांच्या रक्षणासाठी ठेवलेली होती.

८ डिसेंबर १९४१ रोजी मध्यरात्र उलटताच जपानी सैन्य कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरले. समुद्रकाठच्या खंदकांत हिंदी पलटणींनी त्यांना कडवी झुंज दिली. त्याच दिवशी दुपारनंतर विमानतळावर एक अफवा पसरली : जपानी कुंपणापर्यंत आले! ती खोटी होती. पण ती खोटी आहे हे सांगणारा खात्रीचा शब्द वेळेवर कोणापाशी नव्हता. इमारतींना आगी लावून विमानदळाची माणसे तळ सोडून गेली. विमानतळ राखण्यासाठी जी फौज लढत होती, तिच्या पाठीमागचा विमानतळच ओस पडला. मलायातील सेना टेलिफोनसाठी मोठ्या अंशी नागरी खात्याच्या तारांवर अवलंबून होती. शांततेच्या काळातली ती सोय युद्धाच्या दणक्यात टिकली नाही. पुढे सत्तर दिवसांत सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी जवान कैदेत गेले. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत. सगळा भार टेलिफोनवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि जेथे खरा शब्द उशिरा येतो तेथे खोटा शब्द लवकर येतो, ही गोष्ट कोटा बारूने कायमची शिकविली.

यंत्रे वाढली, बिनतारी संच पाठीवर मावू लागले, तरीही शेवटचा आधार माणूसच होता, याचे उदाहरण इटलीने दिले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर १ ली मराठा पलटण हल्ल्यास उतरली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या निमज गावचे सिपाही नामदेव जाधव हे तिच्यातील एका कंपनीचे रनर होते. निरोप नेणे हे त्यांचे काम. नदीच्या पैलतीरावरील बांधाजवळ त्यांची लहानशी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. जवळजवळ सर्व पडले. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. मग ते परत गेले. मशीनगनची ठाणी त्यांनी एकामागून एक बंद पाडली, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली व मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो शौर्यासाठी. ते योग्यच होय. पण निरोप्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी तारेने वा बिनतारीने जे कळविले नसते ते एका माणसाने आपल्या आवाजाने आणि हाताने कळविले : वाट मोकळी आहे, या.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि सेनेबरोबर सिग्नल दलाचीही वाटणी झाली. कालपर्यंत एका संचावर बसणारे दोन ऑपरेटर दोन देशांत गेले. जबलपूर येथील केंद्र भारतात राहिले. महू येथे दलाची शाळा वाढली. तांत्रिक जागा भराभर भरून काढाव्या लागल्या. १९५४ साली ए. सी. अय्यप्पा हे दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९११ साली ज्या किल्लीविषयी विश्वास नव्हता ती अखेर आपल्या हाती आली. दलाचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. वेग आणि सावधपणा, या दोहोंपैकी एकाने भागत नाही, हे त्या दोन शब्दांतच आले.

यानंतर भारतीय सेना परदेशी जाऊ लागली ती निराळ्या कामासाठी. साम्राज्याच्या विस्तारासाठी नव्हे, तर दुसऱ्यांच्या भांडणात मध्ये उभे राहण्यासाठी. याचा पहिला मोठा प्रसंग कोरियात आला, आणि त्याचे नेतृत्व एका मराठी सेनानीकडे होते. कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात १९५३ साली भारतीय संरक्षक दल घेऊन तेथे गेले. मायदेशी जाण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक चिनी व कोरियन कैदी या दलाच्या ताब्यात यावयाचे होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्याचे नाकारले; म्हणून इंचॉनच्या समुद्रातील जहाजांवरून जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. तेथे त्यांनी तंबूंची वसाहत उभारली. तिचे नाव ‘हिंदनगर’.

चोहोकडून परक्या सैन्यांनी वेढलेल्या त्या तळाला दिल्लीचा शब्द रोज हवा होता. कारण कोरियात झाडलेली एक गोळी दिल्लीत, न्यूयॉर्कमध्ये आणि पेकिंगमध्ये एकदमच ऐकू जाणार होती. सप्टेंबर १९५३ मध्ये संतप्त कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या आवारात ओढून डांबले. थोरात स्वतः त्या आवारात शिरले. बोलून, समजावून त्यांनी आपला अधिकारी सोडवून आणला. बंदूक हाती असूनही शब्द आधी वापरावयाचा, ही या नव्या कामगिरीची रीत होती. अशा सेनेत सिग्नलवाल्याचे काम हलके होत नाही, उलट जड होते. युद्धात चुकलेला निरोप एक चढाई हरवितो. शांतिकार्यात चुकलेला निरोप शांतताच हरवू शकतो.

१९५४ पासून इंडोचीनमधील आंतरराष्ट्रीय आयोगांत भारत अध्यक्ष होता; कॅनडा आणि पोलंड हे अन्य सभासद. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया या तीन देशांत विखुरलेल्या आयोगाच्या ठाण्यांचे दळणवळण भारतीय सिग्नल पथकांनी सांभाळले. हे काम वर्षानुवर्षांचे, बिनगाजावाजाचे आणि धोक्याचे होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आयोगाचे एक विमान लाओसच्या व्हिएन्तिआनहून हनोईकडे निघाले. त्यात भारतीयही होते. ते विमान हनोईस पोचलेच नाही. कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाच्या नशिबी कधी कधी फक्त ऐकणे येते. उत्तर येत नाही.

कांगोतील प्रसंग याहून निराळा आणि अधिक शिकविणारा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून मार्च १९६१ मध्ये भारताची ९९ वी ब्रिगेड तेथे गेली. १९६२ च्या अखेरीस कटांगा प्रांतातील बंडखोर सत्तेशी निर्णायक झगडा सुरू झाला. ब्रिगेडियर रेजिनाल्ड नोरोन्हा यांच्या नेतृत्वाखाली ब्रिगेड जादोव्हिलच्या रोखाने निघाली. वाटेत लुफिरा नदी होती, तिचे पूल उडविलेले होते. इकडे न्यूयॉर्कमध्ये मुत्सद्द्यांची बोलणी चालू होती आणि फौजेने नदीपाशी थांबावे असे संयुक्त राष्ट्रांच्या वरिष्ठांना वाटत होते. पण थांबण्याचा निरोप वेळेवर आघाडीस पोचला नाही. नोरोन्हांचे जवान पाण्यातून पलीकडे गेले आणि ३ जानेवारी १९६३ रोजी जादोव्हिलमध्ये शिरले. लष्करी दृष्ट्या ही उत्तम कामगिरी होती. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने सरचिटणीस ऊ थांट यांची पंचाईत झाली. काय घडले हे पाहण्यासाठी त्यांनी राल्फ बंच यांना तातडीने कांगोस पाठविले, आणि संघटनेच्या दळणवळणातच उणीव होती हे उघड झाले.

न्यूव्ह शापेल येथे ‘पुढे चला’ हा हुकूम उशिरा आला; लुफिरावर ‘थांबा’ हा हुकूम उशिरा आला. दोहोंमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे, पण दुखणे एकच : सांध्याचे. अनेक देशांची पथके, अनेक भाषा, अनेक घडणींची यंत्रे एकत्र आली की सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा ही निरोप अडण्याची जागा होते. म्हणून परदेशी जाणाऱ्या तुकडीला तिचे स्वतःचे, घरच्या मुख्यालयापर्यंत थेट बोलू शकणारे सिग्नल पथक हवे, हे तत्त्व या काळातच पक्के रुजले.

१९८७ साली श्रीलंकेत एक नवा धडा मिळाला. ऑक्टोबरात जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने जवान उतरविण्याचा बेत शत्रूने बिनतारी संभाषण चोरून ऐकल्याने आधीच फुटला होता. उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतील बहुतेक सर्व जवान मारले गेले. येथे शब्द तुटला नव्हता. तो नको त्या कानी पोचला होता. पोचणे पुरेसे नाही, फक्त योग्य त्याच्याकडेच पोचले पाहिजे. ‘तीव्र’ तर झाले होते. ‘चौकस’ उणे पडले. गुप्त लिपीची यंत्रे, लहान तुकड्यांचे सुरक्षित संच, शत्रूच्या लहरींवर कान ठेवणारी पथके यांचे महत्त्व त्या रात्रीने रक्ताने अधोरेखित केले.

आणि अखेरीस सिएरा लिओन. मे २००० मध्ये त्या देशाच्या कैलाहून गावी ५/८ गुरखा रायफल्सच्या दोन कंपन्या बंडखोरांच्या वेढ्यात सापडल्या. ते तेथे सुमारे अडीच महिने होते. धान्य कमी, पाऊस धो धो, चोहोकडे जंगल. कूतची आठवण व्हावी असाच हा देखावा. पण शस्त्रे खाली ठेवावयाची नाहीत हे ठरलेले होते, आणि मुख्यालयाशी संपर्क टिकून होता. १५ जुलै २००० रोजी मेजर जनरल विजय जेटली यांच्या हुकुमाने ‘ऑपरेशन खुकरी’ सुरू झाले, आणि वेढलेले जवान बाहेर निघाले. कूतमध्ये शब्द पोचला, मदत पोचली नाही. कैलाहूनमध्ये दोन्ही पोचली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पुनर्रचनांचा हिशेब एवढ्या एका वाक्यात मांडता येतो.

१५ जुलै २०१३ पासून देशातील सार्वजनिक तारसेवा बंद झाली. ‘तार आली’ हा शब्दप्रयोग आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरला आहे. बाजारहत्नूरच्या घरातली आई परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा हातातल्या मोबाइलवर पाहू शकते, आणि सीमेच्या या अंगाला किनवटची आईही. या सोयीमुळे एक समज मात्र करून घेऊ नये : की शब्द आता आपोआप पोचतो. कोटा बारूच्या टेलिफोनविषयी लोकांना असेच वाटत होते. शांततेत जे आपोआप चालते ते संकटात कोणी तरी चालवावे लागते. त्यासाठी रात्री जागणारा, तुटलेली तार शोधत अंधारात सरपटणारा, एकच निरोप तीनदा तपासून पाहणारा आणि आपले नाव कोठेही येणार नाही हे ठाऊक असूनही ते करणारा माणूस लागतो. घरच्या उंबरठ्यावर आनंदाची बातमी येवो की दुःखाची, ती खरी असावी आणि वेळेवर यावी, एवढेच त्याच्या हाती असते. आणि ते त्याने राखले, तर समुद्रापार गेलेली सेना घरापासून फार दूर नसते.